४ जानेवारी : सहा ठिपक्यांत वाचनाचा हक्क उभा करणारा लुई ब्रेल

जानेवारीचा पहिला आठवडा आपल्या समाजाला तोंडपाठ असतो. १ तारखेला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना आणि ३ तारखेला सावित्रीमाईंची जयंती. त्यानंतरची ४ तारीख मात्र आपल्याकडे तशीच निघून जाते. २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वतीने हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो, कारण ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल जन्मले. सावित्रीमाईंनी मुलींच्या हाती पाटी दिली, ब्रेल यांनी अंध मुलांच्या बोटांखाली अक्षर आणलं. या दोन जयंत्या लागोपाठ याव्यात हा निव्वळ योगायोग आहे, पण दोघांचं काम शेजारी ठेवून पाहावं असंच आहे. ज्यांना शिकता येणारच नाही असं जगाने ठरवून टाकलं होतं, त्यांच्या शिक्षणाची ही गोष्ट आहे. ती आपल्या वाचकांना सांगावी असं आम्हाला फार दिवसांपासून वाटत होतं.

पॅरिसपासून सुमारे ४० किलोमीटरवर कूपव्रे नावाचं खेडं आहे. तिथे सिमोन-रेने ब्रेल हे चामड्याचं काम करत. घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे ते बनवत. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. चामडं कमावणाऱ्या, शिवणाऱ्या हातांना आपल्या देशात काय वागणूक मिळाली हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. लुईच्या वडिलांना त्यांच्या गावात कारागीर म्हणून मान होता, स्वतःचं घर होतं, थोडी शेती होती. काम तेच, पण तिथे त्या कामाला विटाळ चिकटलेला नव्हता. त्यामुळे पुढे संकट आलं तेव्हा या घरासाठी गावाची दारं बंद झाली नाहीत. हा फरक लक्षात ठेवूनच पुढची गोष्ट वाचायला हवी.

लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळत होता. मोठ्यांचं पाहून त्याने चामड्याला भोक पाडायला आरी हातात घेतली. आरी सटकली आणि एका डोळ्यात घुसली. त्या काळात जंतुसंसर्ग म्हणजे काय हे वैद्यांनाही ठाऊक नव्हतं. जखम चिघळली आणि त्रास दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचला. पाच वर्षांचा होईपर्यंत लुई पूर्ण अंध झाला होता.

त्या काळातल्या युरोपात गरीब अंध मुलाचं पुढे काय व्हायचं? बहुतेकांच्या वाट्याला भीक यायची. काही जण जत्रेत लोकांना हसवण्यासाठी उभे केले जात. लुईचे आईवडील मात्र या वाटेने गेले नाहीत. वडिलांनी त्याच्यासाठी काठ्या बनवल्या, त्या टेकत टेकत तो गावातले रस्ते शिकला. गावचे धर्मगुरू जाक पाल्वी यांनी त्याला जवळ बसवून गोष्टी सांगितल्या, आवाजावरून पक्षी आणि वासावरून फुलं ओळखायला शिकवलं. मग गावच्या शाळेचे शिक्षक आंत्वान बेशरे यांनी त्याला इतर मुलांसोबत वर्गात बसू दिलं. तो ऐकून पाठ करायचा आणि वर्गात पुढे असायचा. पण बाकीची मुलं पुस्तक उघडून वाचू लागली की त्याच्या हाताला काहीच लागत नसे.

वर्गात असूनही शिक्षणाच्या बाहेर असणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं. बाबासाहेब शाळेत गोणपाटावर वेगळे बसले. त्यांना पुस्तक दिसत होतं, पण पाण्याच्या माठाला हात लावता येत नव्हता. लुईला सगळे हात लावू देत होते, पण पुस्तक त्याच्या हाताशी बोलत नव्हतं. दोन अडथळे वेगळे आहेत. एक माणसाने मुद्दाम उभा केलेला, दुसरा कुणी विचारच न केल्यामुळे राहिलेला. मुलाच्या वाट्याला येणारा अंधार मात्र दोन्हीकडे सारखाच.

पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी एक शाळा होती. ती कशी सुरू झाली तेही सांगायला हवं. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत काही अंध माणसांना विचित्र टोप्या आणि मोठाले खोटे चष्मे घालून वाद्यं वाजवायला बसवलं होतं आणि गर्दी खदाखदा हसत होती. व्हॅलेंतिन हाउई या गृहस्थाने ते पाहिलं आणि त्यांना ते सहन झालं नाही. पुढे त्यांनी एका चर्चच्या दारात भीक मागणाऱ्या फ्रांस्वा लेस्यूर या अंध मुलाला शिकवायला घेतलं आणि त्यातून जगातली अंधांची पहिली शाळा उभी राहिली. हाउईंनी जाड कागदावर नेहमीचीच फ्रेंच अक्षरं उठावदार छापली, म्हणजे मुलांना ती बोटांनी चाचपता येतील.

१८१९ च्या फेब्रुवारीत दहा वर्षांचा लुई या शाळेत दाखल झाला. इमारत जुनी, ओलसर आणि अंधारी होती. राज्यक्रांतीच्या काळात तिचा कैदखाना म्हणून वापर झाला होता. शिस्त कडक होती आणि चुकलेल्या मुलाला कोंडून ठेवत. पोटासाठी हातकाम यावं म्हणून मुलांना विणकाम आणि सपाता बनवणं शिकवत. लुई तिथे व्याकरण, गणित, भूगोल आणि संगीत शिकला. पियानो आणि ऑर्गन या वाद्यांवर त्याचा हात चांगलाच बसला.

पुस्तकं मात्र मोजकीच होती. एकेक अक्षर बोटाला कळावं इतकं मोठं छापायचं तर पुस्तक केवढं होणार? ग्रंथ उचलायला जड, बनवायला महाग आणि वाचायला अतिशय संथ. अक्षराची वळणं बोटाने चाचपत शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीची अक्षरं विसरायला व्हायची. आणि सगळ्यांत मोठी उणीव ही, की या पद्धतीने मुलाला स्वतःचं काही लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याने छापलेलं तेवढं वाचायचं, आपलं म्हणणं मात्र कागदावर उतरवायचं नाही. ही पद्धत डोळस माणसाने डोळस माणसाच्या सोयीने ठरवलेली होती. हाउईंची करुणा खरी होती, पण अक्षर डोळ्यांसाठी बनलेलं असतं आणि बोटाची गरज वेगळी असते, हे त्या करुणेला दिसलं नाही.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए हे तोफखान्यातले माजी अधिकारी आपली एक पद्धत घेऊन शाळेत आले. त्यांनी रेघा टाकून दिल्या होत्या आणि उठावदार ठिपके वापरले होते. ठिपका बोटाला चटकन कळतो. मुलांना ही गोष्ट लगेच पटली. पण बार्बिए यांच्या पद्धतीत एका खुणेसाठी बारापर्यंत ठिपके लागत. सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी एका बोटाखाली मावत नसत, बोट वरखाली फिरवावं लागे. शिवाय ती पद्धत उच्चारांवर बेतलेली होती. तिच्यात शब्दांचं शुद्धलेखन नव्हतं, विरामचिन्हं नव्हती, संगीताच्या खुणा नव्हत्या. निरोप धाडण्यापुरती ती ठीक होती, पण जिच्यात ग्रंथ लिहावेत आणि परीक्षा द्याव्यात अशी ती लिपी नव्हती.

बारा वर्षांच्या लुईने ते ठिपके हातात घेतले आणि पुढची तीन वर्षं तो त्यांच्यामागे लागला. दिवसभर शाळा असल्यामुळे रात्री काम करायचा. सुट्टीत कूपव्रेला गेला की घरी बसून कागदावर टोचत राहायचा. ठिपके पाडायची ती टोचणी वडिलांच्या आरीचीच बहीण होती. ज्या जातीच्या हत्याराने त्याची नजर गेली, तसल्याच हत्याराने तो आता वाचनाची वाट पाडत होता. १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली.

ही लिपी किती साधी आहे ते पाहा. तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, म्हणजे एकूण सहा जागा. त्यातल्या कोणत्या जागी ठिपका आहे आणि कोणत्या जागी नाही, यावरून ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. पूर्ण अक्षर बोटाच्या एका टोकाखाली मावतं. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार जागा वापरतात. पुढच्या दहांसाठी त्याच खुणा घेऊन खाली डावीकडे एक ठिपका वाढवायचा. त्यापुढच्या अक्षरांसाठी खालचे दोन्ही ठिपके घ्यायचे. पहिली दहा पाठ झाली की बाकीची आपोआप लक्षात राहतात. याच सहा ठिपक्यांत त्याने आकडे बसवले, विरामचिन्हं बसवली आणि पुढे संगीताची लिपीही बसवली. आणि ठिपके पाडायला पाटी आणि टोचणी एवढंच पुरत असल्यामुळे अंध मुलगा आता लिहू शकत होता. मित्राला चिठ्ठी, स्वतःची वही, शिकताना घेतलेलं टिपण, सगळं त्याच्या हातात आलं.

१८२९ साली ब्रेल यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. ते पुस्तक मात्र जुन्याच उठावदार अक्षरांत छापावं लागलं. बार्बिए यांचं ऋण त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. १८३३ साली ते त्याच शाळेत पूर्ण वेळ शिक्षक झाले. पॅरिसमधल्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत. विद्यार्थ्यांशी ते मायेने वागत. गरजूंना पैसे उसने देत आणि मागायला जात नसत. त्यांच्यामागे एक पेटी निघाली, न उघडता जाळावी अशी त्यांची सूचना होती. मित्रांनी ती उघडली तेव्हा तिच्यात लोकांनी दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या होत्या. त्या जाळण्यात आल्या आणि सगळी देणी फिटली. दान हा शब्द आपल्या धम्मात मोठा आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता दान कसं द्यावं, ते या माणसाकडून शिकावं.

इतकी सोपी लिपी शाळेने लगेच उचलून धरली असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. मुलं ती आनंदाने वापरत होती. पिन्ये नावाचे संचालक ब्रेल यांच्या बाजूने होते, पण १८४० साली त्यांना पदावरून जावं लागलं. नवे संचालक द्यूफो यांनी ठिपक्यांचा वापर बंद केला आणि उठावदार अक्षरांचीच एक नवी तऱ्हा आणली. अंधांची लिपी डोळसांना वाचता येत नाही, त्यामुळे अंध मुलं समाजापासून तुटतील, असा युक्तिवाद होता. ऐकायला तो मुलांच्या हिताचा वाटतो. पण डोळसाला दोन तास देऊन ती लिपी शिकता आली असती, हे कुणी बोललं नाही. ज्यांनी आयुष्यभर वाचायचं होतं त्यांच्या सोयीपेक्षा ज्यांनी वरून पाहायचं होतं त्यांची सोय मोठी ठरली. तुमचं भलं कशात आहे ते आम्ही ठरवू, हा सूर आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. म्हणून तो आपल्याला लगेच ओळखू येतो.

मुलांनी मात्र लिपी सोडली नाही. लपूनछपून ती एकमेकांना शिकवत राहिली. शाळेतले दुसरे एक अधिकारी, जोसेफ ग्वादे, यांच्या हे लक्षात आलं. बंदी घालूनही मुलं जी गोष्ट टाकत नाहीत, तिच्यात नक्कीच काहीतरी आहे, हे त्यांनी जाणलं. १८४४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर या लिपीचं प्रात्यक्षिक झालं. अंध मुलं सर्वांसमोर ठिपक्यांत लिहीत आणि वाचत होती. बंदीचा पाया तिथेच ढासळला.

ब्रेल तोवर थकले होते. विशीतच त्यांना क्षयाने गाठलं होतं. आजारपणातही त्यांचं काम चालू होतं. अंधांनी लिहिलेलं डोळसांनाही वाचता यावं यासाठी त्यांनी ठिपक्यांनीच नेहमीची अक्षरं काढण्याची रीत शोधली, आणि पिएर फूको या अंध कारागिराने तिच्यासाठी यंत्र बनवलं. अंध मुलं समाजापासून तुटतील या आक्षेपाला त्यांनी असं कामातून उत्तर दिलं. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्यांचं निधन झालं. पुढे दोन वर्षांनी, १८५४ साली, त्यांच्याच शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. शंभर वर्षांनी, १९५२ साली, फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. हात मात्र कूपव्रेमध्येच राहिले. गावाने आपल्या मुलाचे हात आपल्याजवळ ठेवून घेतले.

ब्रेल गेले त्याच १८५२ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जोतीराव फुले यांचा शिक्षणकार्याबद्दल सरकारी सत्कार झाला. दोन खंडांत, एकमेकांना ठाऊक नसलेली माणसं एकच काम करत होती.

आपल्या देशात ही लिपी आली, पण बराच काळ निरनिराळ्या भागांत निरनिराळे संकेत चालत. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीतला ‘क’, हिंदीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ बोटाखाली एकच. २००९ साली ब्रेल यांच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा भारत सरकारने त्यांच्या नावाचं दोन रुपयांचं नाणंही काढलं. आपल्यापैकी कित्येकांच्या खिशातून ते गेलं असेल, आपण पाहिलं नसेल एवढंच.

आता आपल्या घराकडे वळू. हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के पदं राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. हे सगळं कागदावर आहे. पण ऐन परीक्षेच्या आठवड्यात लेखनिक शोधत फिरणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात मजुरी बुडवून चार-चार खेपा घालणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. वस्तीतल्या दिव्यांग मुलावर दोन ओझी असतात, एक जातीचं आणि एक शरीराचं. आपली चळवळ पहिल्या ओझ्याबद्दल बोलते. दुसऱ्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

त्याहून खोल एक गोष्ट आहे. अंध किंवा मुकं मूल जन्माला आलं की आजही आपल्याच काही घरांत पूर्वजन्मीच्या पापाची कुजबुज होते. धम्म घेतला, पण हा विचार दाराबाहेर गेला नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिल्याच गाथेच्या निमित्ताने चक्खुपाल या अंध भिक्खूची कथा येते. चालताना त्यांच्या पायाखाली किडे मेले, तेव्हा इतर भिक्खूंनी तक्रार केली. भगवान बुद्धांनी स्पष्ट केलं की मनात हेतू नसेल तर दोष नाही, आणि हा अंध भिक्खू अर्हत आहे. डोळे नसल्याने अर्हतपद अडलं नाही, हे या कथेतून घ्यायचं. तिला पुढे पूर्वजन्मीच्या कर्माचं जे शेपूट जोडलं आहे, त्याबद्दल आपल्याला बाबासाहेबांनी सावध केलं आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी गतजन्माच्या कर्मावर आजच्या दुःखाचं खापर फोडणारा सिद्धांत नाकारला. जन्मावरून अस्पृश्यतेचं समर्थन ज्या तर्काने केलं गेलं, त्याच तर्काने आपण आपल्या लेकराला पापी ठरवणार का?

म्हणून आमची काही साधी मागणी आहे, आणि ती सरकारकडे नसून आपल्याकडे आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या दिव्यांग मुलामुलींची यादी करावी आणि कुणाचं प्रमाणपत्र, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा शाळाप्रवेश अडला आहे ते पाहावं. कॉलेजातल्या तरुणांनी लेखनिक म्हणून नावं द्यावीत, वर्षातले पाच-सहा दिवस कुणालाही देता येतात. विहाराच्या ग्रंथालयात ब्रेलमधला एक तरी ग्रंथ आणि एखाद्या संगणकावर स्क्रीन रीडर असावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत आहे, मराठी वाचतो, आणि तोही दोन अंध तरुणांनीच उभा केला आहे. विहाराच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधायला फार खर्च येत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या मुलांना विचारल्याशिवाय त्यांच्यासाठी काही ठरवू नये. लुई ब्रेलची सगळी गोष्ट यातच आहे. मोठ्या मनाच्या डोळस माणसांनी अंधांसाठी शाळा काढली, पुस्तकं छापली, तरीही मूल खऱ्या अर्थाने वाचतं झालं नाही. ते वाचू लागलं ते पंधरा वर्षांच्या एका अंध मुलाने आपलं उत्तर स्वतः शोधलं तेव्हा. आपल्या वस्तीतही असा एखादा मुलगा, अशी एखादी मुलगी या क्षणी घराच्या कोपऱ्यात बसलेली असेल. या ४ जानेवारीला त्या घरी एकदा जाऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!